पितळी कढईचा डावा कान हलतोय. रिपिट घरी बदलता येतील का?

रामबागच्या काकू (इंदूर)
सोमवार, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय, त्यामुळे आधी 'दिलेले' लिहिते आणि मग 'काढा'.

दिलेले: एक पितळी कढई. तोंडाचा व्यास ४२ सेंमी, वजन घरच्या काट्यावर ५ किलो १०० ग्रॅम. दोन बाजूंना दोन कान. प्रत्येक कान एका पट्टीला जोडलेला आणि ती पट्टी कढईला तीन रिपिटांनी ठोकलेली. (तुम्ही पुण्यामुंबईकडचे लोक रिवेट म्हणत असाल. इथे बाजारात रिवेट म्हटलं की दुकानदार तोंडाकडे बघत राहतो. रिपिट म्हटलं की लगेच डबा उघडतो.) काठाखाली आजेसासूबाईंचं नाव टिंबाटिंबांनी कोरलेलं आहे, पुढे सन १९३८. आतून कल्हई.

डाव्या कानाची हकीकत अशी. पहिलं रिपिट १९९४ साली निघालं. तेव्हा आमच्या ह्यांनी स्कूटरच्या डिकीतला एक नटबोल्ट तिथे बसवला, 'तात्पुरता'. तो अजून आहे. मधलं रिपिट गेल्या दिवाळीत हलायला लागलं, म्हणून एका दुकानात दिली. त्याने पिस्तुलासारख्या हत्याराने टक्क करून एक पांढरं पोकळ रिपिट मारून दिलं. एका मिनिटाचं काम. दुसऱ्याच वापरात ते फिरायला लागलं. तिसरं रिपिट मूळचं आहे आणि घट्ट आहे. कढई काठोकाठ पाण्याने भरली की कानाखालून पाणी झिरपतं.

बर्तन बाजारात चक्कर मारून आले. एक म्हणाला, 'माताजी, तौल के दे दो, नई ले जाओ.' कसेरा बाजारात दुसरा म्हणाला, वेल्डिंग करून घ्या. तिसऱ्याने कढई हातातसुद्धा घेतली नाही.

काढा: हे घरी करता येईल का? घरात हातोडा, कानस, ड्रिल मशीन आणि इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला एक नातू आहे. भाद्रपदात महालक्ष्म्या बसायच्या आहेत आणि दोन किलो डाळीचं पुरण ह्याच कढईत घोटायचं असतं. पाच आठवडे हातात आहेत.

---

चटकन_उपाय
सोमवार, रात्री ९:४१

दोन पुड्यांची इपॉक्सी मिळते ना, काळी-पांढरी, मळून लावायची? आतून-बाहेरून थापा. आमच्या टाकीची गळती त्यानेच थांबली.

---

रामबागच्या काकू
सोमवार, रात्री ९:५०

टाकीतलं पाणी आपण चुलीवर ठेवत नाही हो.

---

पीथमपूरचा फिटर
सोमवार, रात्री ११:०५

काकू, प्रणाम. तीस वर्षं टूलरूममध्ये काढली आहेत, आता घरीच असतो. काम होण्यासारखं आहे, पण हात लावायच्या आधी काही गोष्टी विचारतो.

१. भोकं अजून गोल आहेत की लांबट झाली आहेत? मधल्या भोकाचं माप आडवं आणि उभं, दोन्ही सांगा. नातवाकडे व्हर्नियर असेलच.

२. कढईचा पत्रा किती जाड, पट्टी किती जाड?

३. भोकापासून पट्टीची कडा किती लांब?

४. डावा कान म्हणजे काय? कढई गोल आहे. तिला डावं-उजवं कुठून आलं?

चौथा प्रश्न थट्टा म्हणून विचारलेला नाही. दोन्ही कान एकाच दिवशी, एकाच हाताने ठोकलेले असणार. मग एकाची तिन्ही रिपिटं शाबूत आणि दुसऱ्याची दोन निकामी, असं का व्हावं? कारण कळल्याशिवाय नवीन रिपिट मारलं तर तेही त्याच वाटेने जाईल.

तोपर्यंत कढई त्या कानाला धरून उचलू नका. आज सगळा भार एका जुन्या रिपिटावर आहे.

आणि वेल्डिंगवाल्याकडे जाऊ नका. पितळेत जस्त असतं. ते तांब्याच्या कितीतरी आधी उकळतं, पांढरा धूर होऊन उडतं आणि जोडाला भोकं भोकं पडतात. जुन्या पातळ पत्र्यावर तर नकोच.

---

बडोद्याची सून (वडोदरा)
मंगळवार, सकाळी ७:१५

काकू, कल्हईचं आधी सांगून ठेवते, कारण लोक हा क्रम चुकवतात. रिपिट आधी, कल्हई नंतर. उलट केलंत तर ठोकाठोकीत कल्हई तडकेल आणि पुन्हा करावी लागेल. शिवाय वितळलेलं कथील रिपिटाच्या डोक्याभोवतीच्या फटीत उतरतं आणि ती फट भरून निघते. आमच्या माहेरी मांडवीजवळ एक कंसारा बसायचा. तो कान बसवून झाला की कढई सरळ कल्हईच्या भट्टीकडे सरकवायचा, मध्ये गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचाच नाही.

आणि कुणी 'झाळून देतो' म्हणालं तर कसलं झाळण ते विचारा. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या झाळणात शिसं असतं. ते स्वयंपाकाच्या भांड्यात नकोच. वर ते साधारण १८५ अंशाला वितळतं आणि तळणाचं तेल तेवढं तापतंच. शुद्ध कथील २३२ अंशाला वितळतं. म्हणून तर कल्हईचं भांडं रिकामं आचेवर विसरायचं नसतं.

---

लष्करवाला (ग्वाल्हेर)
मंगळवार, सकाळी ९:३०

एवढा उपद्व्याप कशाला? स्टेनलेसचे ६ मिमी बोल्ट घ्या. गोल डोकं आतून, बाहेरून टोपीवाला नट. पाच मिनिटांत काम, सैल झालं की पाना लावून घट्ट. मी माझ्या ॲल्युमिनियमच्या भगोन्याला हेच केलंय, चार वर्षं झाली.

---

पीथमपूरचा फिटर
मंगळवार, सकाळी १०:१०

लष्करवाले भाऊ, भगोन्याला चालेल, त्याबद्दल भांडत नाही. पण काकूंच्या कढईला दोन अडचणी. बोल्ट भोकात कायम थोडा खेळता राहतो, भोक भरून टाकत नाही. नुसत्या आवळण्यावर सगळी मदार. कढई तापते, निवते, तापते, निवते. पितळ आणि स्टील सारखं फुगत नाही, मग आवळ ढिला पडतो. रिपिटाचा दांडा ठोकल्यावर भोकातच फुगून बसतो. फरक तिथे आहे. आणि दुसरं, आट्यांमध्ये पुरण अडकतं. गोड पदार्थ, भाद्रपदाची दमट हवा. पुढचं काकूंनाच ठाऊक.

साधं लोखंडी बोल्ट तर नकोच. पितळ, मीठ-पाणी आणि लोखंड एकत्र आलं की लोखंड गंजतं, आणि एकटं असताना गंजेल त्याहून लवकर. काकूंच्या ह्यांचा ९४ सालचा बोल्ट काढाल तेव्हा बघा.

हे उलटंही लक्षात ठेवा. ॲल्युमिनियमच्या भांड्याला कुणी तांब्याचं रिपिट मारू नये. तिथे रिपिट शाबूत राहतं आणि त्याच्या भोवतीचं भांडंच खाल्लं जातं. ॲल्युमिनियमला ॲल्युमिनियमचंच भरीव रिपिट. पितळेला तांब्याचं.

ते टक्क करून मारतात ते पॉप रिपिट. पोकळ नळी असते, आतून खिळा ओढून फुगवतात. पाट्या, पत्र्याच्या पेट्या, दाराच्या पट्ट्या ह्यांना उत्तम. जिथे मागून हात पोचत नाही अशा जागेसाठी ते काढलेलं आहे. कढईला दोन्ही बाजूंनी हात पोचतो, मग ते का वापरायचं? पोकळ असल्यामुळे मधूनच झिरपतं, आणि आतला खिळ्याचा तुकडा बहुधा लोखंडी असतो.

---

रामबागच्या काकू
मंगळवार, दुपारी ४:००

मापं घेतली. पत्रा १.५ मिमी, पट्टी ३ मिमी. पट्टीतली भोकं ६ मिमी, बऱ्यापैकी गोल. कढईच्या पत्र्यातलं मधलं भोक मात्र ६.२ बाय ७.४, म्हणजे चक्क लंबवर्तुळ. बोल्टवालं ६.३ बाय ६.८. भोकाच्या मध्यापासून पट्टीची कडा १२ मिमी.

आता चौथा प्रश्न. दुपारभर त्यावर विचार करत बसले, फिटरदादा, कारण तुमचं बरोबर आहे. गोल वस्तूला डावं कुठलं?

नाव! कढई चुलीवर चढवताना नाव आपल्याकडे करून ठेवायचं. कुणी शिकवलं नाही, पण सासूबाई तसं ठेवायच्या, म्हणून मीही ठेवते. नाव समोर आलं की एक कान कायम डावीकडे येतो. आणि पुरण घोटताना उजव्या हातात उलथनं नाहीतर डाव, डाव्या हाताने फडक्यात कान धरायचा आणि कढई आपल्याकडे ओढून ठेवायची, नाहीतर ती बर्नरवरून फिरते. गूळ पडून पुरण आटायला लागलं की केवढा जोर लागतो ते ज्याने घोटलंय त्यालाच कळेल. आजेसासूबाई, सासूबाई, मी. तिघी उजव्या हाताच्या. उजव्या कानाला उचलण्यापलीकडे कामच नव्हतं.

सत्याऐंशी वर्षं एकाच कानाला पिळलंय आम्ही.

---

पीथमपूरचा फिटर
मंगळवार, रात्री ८:४५

मिळालं. उचलताना भार खाली जातो, तिन्ही रिपिटांवर वाटला जातो. घोटताना कान आडवा हलतो, पुढे-मागे, पुढे-मागे. भोक त्याच दिशेने लांबट होतं. मधल्या भोकाची लांब बाजू आडवीच असेल, बघा.

मग दोन कामं. रिपिटं बदलायची, आणि पुढच्या वेळी नाव पलीकडे करून ठेवायचं. एक वर्ष असं, एक वर्ष तसं.

आता सावकाश वाचा. नातवाला शेजारी बसवा.

तांब्याची ६ मिमी भरीव कांडी आणा. सियागंजात तांब्या-पितळेच्या दुकानात तुकडा तोडून देतात. तयार तांब्याची रिपिटं मिळाली तर फारच छान, एका बाजूचं डोकं आयतं मिळेल. रिपिट केवढं कापायचं? पट्टी, पत्रा मिळून जेवढी जाडी धरायची आहे तेवढी, अधिक कांडीच्या व्यासाच्या दीडपट, दुसरं डोकं घडवायला. पट्टी ३, पत्रा १.५. मधल्या भोकाला आतून तांब्याचा १ मिमी वायसर (वॉशर, मधे भोक असलेली चकती) घाला, कारण भोक लांबट आहे. वायसर सपाट ठेवू नका, कढईच्या पोटासारखा किंचित वाकवून घ्या, नाहीतर नुसत्या दोन कडांवर टेकेल. भोक ८ मिमीपर्यंत मोठं करून जाड रिपिटही मारता येतं. पण भोकाच्या मध्यापासून कडा निदान व्यासाच्या दीडपट लांब हवी. आठाचे दीडपट बारा. तुमच्याकडे बरोबर बाराच आहे. एवढ्या काठावरचा खेळ मी खेळलो नसतो. वायसरच बरा.

तांबं आधी मऊ करा. सांडशीत धरून गॅसच्या ज्योतीच्या टोकावर मंद लाल होईपर्यंत तापवायचं आणि पाण्यात टाकायचं. स्वयंपाकघरातला दिवा मालवा, उजेडात तो मंद लाल रंग दिसत नाही. पोलाद असं पाण्यात टाकलं तर कडक होतं, तांबं उलट मऊ राहतं. लोकांना हे पटत नाही, करून बघा. वर काळं येईल, चिंचेने जाईल.

जुनं काढताना डोक्यावर कानस मारून सपाट करा, मधोमध पंचाने खूण करा, ५ मिमीच्या बिटने फक्त डोक्याच्या जाडीएवढंच खोल जा. मग छिन्नीने डोकं उडवा आणि दांडा मागून ठोकून बाहेर. ड्रिल आरपार नेलंत तर भोक आणखी बिघडेल. पॉप रिपिट ड्रिलबरोबर गरगर फिरेल, त्याला मागून पकडीने धरा. बोल्टला आदल्या रात्री तेल सोडून ठेवा.

तिन्ही एकदम काढू नका. एक काढा, एक बसवा. मोकळ्या भोकात तोपर्यंत सैल बोल्ट घालून ठेवा, पट्टी सरकत नाही.

ठोकणं. तयार डोकं आत, कढईच्या पोटात. नवीन डोकं बाहेर, पट्टीवर घडवायचं. पट्टी जाड आहे, ठोके तिने सोसावेत. पातळ पत्र्याला फक्त तयार डोक्याचा टेकू. आतल्या डोक्याखाली भक्कम लोखंड हवं. रुळाचा तुकडा मिळाला तर त्याला तोड नाही. त्याच्यावर डोक्याच्या मापाची एक उथळ वाटी कोरून घ्या, नाहीतर आतलं गोल डोकं चपटं होईल. कढई आडवी धरायला दुसरा माणूस लागतोच. ती हवेत राहिली तर अर्धा ठोका वाया.

आधी दांड्यावर एक जाड नट ओवा आणि नटावर दोन ठोके द्या. पट्टी आणि पत्रा एकमेकांना चिकटतात. नट काढा. मग दांड्याच्या डोक्यावर सरळ चार-पाच ठोके, दांडा भोकात फुगतो. त्यानंतर गोल तोंडाच्या हातोड्याने कडेकडेने फिरत डोकं घडवा. मोठे ठोके नकोत, पुष्कळ ठोके हवेत. तांबं ठोकून ठोकून कडक होतं, फार वेळ लावलात तर कडेला चिरा जातील.

झालं की रात्रभर पाणी भरून वर्तमानपत्रावर ठेवा. कल्हई त्यानंतर.

---

रामबागच्या काकू
मंगळवार, रात्री ९:३०

दीडपट का, हे तुम्ही सांगितलं नाहीत, म्हणून काढून बघितलं. व्यास d, दांड्याची ज्यादा लांबी १.५d, तर त्याचं घनफळ ०.३७५πd³. तेवढ्याच तांब्याचा अर्धगोल केला तर त्रिज्या ०.८२५d येते, म्हणजे डोक्याचा व्यास दांड्याच्या १.६५ पट. सहाला जवळजवळ १० मिमी. उजव्या कानाच्या शाबूत रिपिटाचं डोकं मोजलं, ९.८ भरलं. १९३८ सालच्या त्या माणसाने पाय (π) न वापरता हे केलं असणार.

वायसरसकट मधलं रिपिट १४.५ मिमी, बाकीची १३.५. बरोबर ना?

---

पीथमपूरचा फिटर
मंगळवार, रात्री ९:४२

बरोबर. तीस वर्षं दीडपट कापत आलो, हिशोब आज बघितला.

---

नवा_संसार
बुधवार, दुपारी १:१५

मध्येच विचारते, माफ करा. आमच्या कुकरचं हँडल हलतंय. तिथेही असंच रिपिट मारता येईल का?

---

पीथमपूरचा फिटर
बुधवार, दुपारी २:००

नाही. कुकरच्या भांड्याला किंवा झाकणाला नवीन भोक कधीही पाडायचं नाही, आत वाफेचा दाब असतो. हँडल बहुतेक एका स्क्रूने बसवलेलं असतं, तो आवळून बघा. आवळूनही हललं तर हँडल त्याच कंपनीचं नवीन आणा. आणि भांड्याला जोडलेली धातूची पट्टीच निखळली असेल तर तो कुकर बाद समजा.

---

रामबागच्या काकू
रविवार, रात्री १०:३०

अहवाल.

सियागंजात तांब्याची रिपिटं आयती मिळाली नाहीत, कांडी मिळाली. दुकानदाराने विचारलं, अर्थिंगसाठी का? कढईसाठी म्हटल्यावर त्याने स्वतः कांडी तीन तुकड्यांत कापून दिली आणि तुकड्यांचे वेगळे पैसे घेतले नाहीत. एका बाजूचं डोकं नातवाने कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये वाईसला धरून घडवून आणलं. रुळाचा तुकडा आमच्या घरामागच्या लोहाराकडे होता. त्याने वाटीही कोरून दिली, पण तुकडा संध्याकाळी परत हवा, ह्या बोलीवर.

९४ सालचा बोल्ट काढला. नट तेलाने सुटलाच नाही, कापावा लागला. आत बोल्टचा दांडा खाऊन खाऊन मधोमध पेन्सिलच्या शिशाएवढा उरला होता. हे मी आमच्या ह्यांना आणून दाखवलं. ते म्हणाले, 'तरी तीस वर्षं टिकला ना.' ह्यावर काय बोलणार.

दिवा मालवून तांबं तापवलं. काळोखात तो रंग खरंच दिसतो, आणि पाण्यात टाकल्यावर हाताने वाकतंय इतकं मऊ. नातवाचा विश्वास नव्हता. वहीत लिहून घेतलं त्याने.

कढई धरायला हे, ठोकायला नातू, ठोके मोजायला मी. पहिलं रिपिट वाकडं गेलं, दांडा एका बाजूला कलला. काढलं. तिसरा तुकडा म्हणूनच बरा. दुसऱ्यांदा आधी नटावर दोन ठोके, मग सरळ पाच, मग कडेने एकशे दहा. शेजारच्या जोशीणबाई विचारून गेल्या, काय फर्निचर करताय का?

मधलं वायसरसकट बसलं. डोक्याचा व्यास १०.१. चालेल.

रात्री पाणी भरून वर्तमानपत्रावर ठेवली. सकाळी कागद ओला! दोन्ही नवी रिपिटं कोरडी, आणि ओल नेमकी तिसऱ्या, जुन्या, 'घट्ट' रिपिटाखाली. ज्याला मी शाबासकी देत होते त्याच्याच खाली.

---

पीथमपूरचा फिटर
रविवार, रात्री १०:५०

वर्षानुवर्षं एकट्याने भार सोसला त्याने. पट्टी आता नवीन दोघांनी ओढून धरली, ह्याची जागा तसूभर सरकली असेल. खाली लोखंड देऊन दोन हलके ठोके मारून बघा. डोकं चिरलं तर मात्र तेही बदला.

---

रामबागच्या काकू
बुधवार, रात्री ८:१५

दुसऱ्याच ठोक्याला डोक्याचा एक कोपरा तुटून उडाला. बदललं. कांडीचा तुकडा नव्हता, पुन्हा सियागंज. लोहाराकडून पुन्हा रूळ, पुन्हा संध्याकाळची बोली. काल रात्रभर पाणी ठेवलं, आज कागद कोरडा. लेख वाचता येत होता.

---

बडोद्याची सून (वडोदरा)
बुधवार, रात्री ८:४०

छान! आता कल्हईला देताना कथील समोर घालायला सांगा आणि तिथेच उभ्या राहा. नवसागर टाकला की धूर होतो, जरा लांबून. कापसाच्या बोळ्याने तो कथील फिरवत असताना रिपिटांच्या भोवती दोनदा फिरवायला सांगा. न सांगता कुणी दोनदा फिरवत नाही.

---

रामबागच्या काकू
(तीन आठवड्यांनंतर) शनिवार, रात्री ११:००

महालक्ष्म्या जेवल्या. दोन किलो डाळ, दोन किलो गूळ, कढई एक सूतही हलली नाही. कल्हईवाल्याला दोनदा फिरवायला सांगितलं तेव्हा त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि तिसऱ्यांदाही फिरवला.

नाव पलीकडे करून ठेवायचं ठरलं होतं. मी तसं ठेवलं. पण ह्या वर्षी पुरण सूनबाईने घोटलं, आणि ती डावखुरी. म्हणजे दुरुस्त केलेलाच कान तिच्या हातात आला. अर्ध्यावर माझ्या लक्षात आलं. गरम कढई फिरवणार कोण, तशीच चालू दिली. पुढच्या वर्षीपासून तिच्या पाळीला नाव समोर, माझ्या पाळीला मागे, असं कढईच्या कपाटात आतून खडूने लिहून ठेवलंय.

फिटरदादा, तुमच्या सवयीने उजव्या कानाचंही माप घेऊन ठेवलं. आतून दिसतं तेवढ्यावरून मधल्या रिपिटाच्या भोवती केसाएवढी फट आहे, एकाच बाजूला. सुरुवात झाली का ही?

---

पीथमपूरचा फिटर
रविवार, सकाळी ७:०५

झाली. पण उरलेली कांडी जपून ठेवा आणि नातवाचं लग्न होईपर्यंत तिकडे बघू नका.